गळालेला नकार

सोमवारी सकाळी साडेनऊला दातांच्या दवाखान्यातून फोन आला, तेव्हा ताई उभ्याउभ्याच चहा पीत होत्या.

"तुमच्या त्या फलकानं माझा जीव घेतलाय," दवाखान्यातली स्वागतिका म्हणाली. "इथे सत्तावीस माणसं गाल धरून बसलीत आणि डॉक्टर परगावी!"

"मग त्यात फलकाचा काय दोष?"

"मी लिहिलं होतं, 'येत्या सोमवारी दवाखाना दिवसभर उघडा असणार नाही.' पडद्यावर काय दिसतंय? 'येत्या सोमवारी दवाखाना दिवसभर उघडा असणार.' माझा 'नाही' गेला कुठे?"

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

फलक हा त्यांनी आठ वर्षांपूर्वी गल्लीतल्या वाचनालयासाठी लिहिलेला प्रोग्राम. भिंतीवरच्या पडद्यावर सूचना दाखवायच्या, एवढंच त्याचं काम. त्याचा कोड त्यांनी सगळ्यांसाठी उघडा ठेवला होता. कुणीही घ्यावा, वापरावा, जमल्यास सुधारावा. वाचनालयातून तो शाळेत गेला, शाळेतून दवाखान्यात, आणि बघता बघता सहाशे ठिकाणच्या भिंतींवर जाऊन बसला. या सहाशे जणांच्या सूचना ताईंच्या घरी, चपलांच्या कपाटावरच्या एका जुन्या संगणकात साठवलेल्या असत. एक मोठी कंपनी वर्षभर मागे लागली होती, की फलक आमच्याकडे सोपवा. ताई दर वेळी एकाच शब्दात उत्तर देत. तो शब्द आता पडद्यावरून नाहीसा झाला होता.

फोन ठेवतात न ठेवतात तोच ग्रंथपालांचा आला. मागे बाजार भरल्यासारखा आवाज येत होता.

"ताई, 'वाचनकक्षात बसून एकमेकांशी मोठ्याने बोलू नका' असं होतं. आता नुसतं 'मोठ्याने बोलू' आहे. मी दटावलं तर म्हणतात, भिंतीवरच ठरलंय ना, मोठ्याने बोलू!"

सासरे पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून दुधाच्या पिशवीवरच्या चुका काढत होते.

"सूनबाई, आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो," ते म्हणाले. "शेपूट छाटलं की प्रत्येक जण हो म्हणायला लागतो."

"बाबा, पण छाटतंय कोण?"

प्रश्न विचारता विचारताच ताईंना उत्तर सापडलं. त्यांनी घाईभाऊला फोन लावला.

घाईभाऊ हा फलकावर हौसेनं काम करणारा दुसऱ्या गावचा तरुण. त्याचं खरं नाव प्रकल्पात कुणालाच माहीत नव्हतं आणि टोपणनाव सगळ्यांना पटलेलं होतं.

"अरे, गेल्या आठवड्यात तू काय बदललंस?"

"काही नाही हो ताई. लांब ओळ पडद्याबाहेर जाते अशी तक्रार होती ना? म्हटलं, एक शब्द जास्त होत असेल तर तो दाखवायचाच नाही. एका ओळीत काम झालं. सुटसुटीत!"

"सुटसुटीत? सहाशे ठिकाणचे नकार कापलेस तू!"

"बाप रे," घाईभाऊ म्हणाला. "लगेच दुरुस्त करतो."

"लगेच नको. नीट कर."

तेवढ्यात कंपनीचा सल्लागार फोनवर आला. बातमी त्याच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे, पण आवाजात सांत्वनाला आल्याचा गोडवा होता.

"मॅडम, कळलं बरं का. आता तरी ऐका. एवढी मोठी गोष्ट घरगुती पातळीवर झेपत नाही. आमच्याकडे द्या, तुम्ही मोकळ्या."

"मी आत्ताही मोकळीच आहे."

"उद्या तो डेटा गेला तर?"

"जाईल कसा? रोज बॅकअप होतो आमच्याकडे. चपलांच्या कपाटावर असला म्हणून काय झालं?"

फोन आपटून ताईंनी प्रकल्पाच्या पानावर, जिथे सहाशे जण वाचतात तिथे, ठसक्यात लिहिलं: 'चूक सापडली आहे. आज दुरुस्त होईल. तुमचा सगळा मजकूर आमच्या घरी सुरक्षित आहे. फलक कुणालाही दिला जाणार नाही.' पाठवण्याआधी शेवटचा शब्द जागेवर आहे ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं.

वीस मिनिटांनी घाईभाऊचा फोन आला. या वेळी त्याला बोलायची मुळीच घाई नव्हती.

"ताई, दुरुस्ती झाली. चाचणी करताना म्हटलं, जुने फलक काढून पुन्हा भरून बघावेत. तर प्रोग्रामनं विचारलं, सगळे फलक पुसायचे का? त्यावर दुरुस्ती अजून चढवली नव्हती. आणि खाली लिहिलं होतं, 'एकदा पुसलेला मजकूर तुम्हाला पुन्हा मिळू शकणार'. म्हटलं, मिळू शकणार आहे तर भीती कसली!"

"पुढे 'नाही' होतं रे."

"ते आता लक्षात आलं."

"घाबरू नकोस. बॅकअप आहे."

ताई चपलांच्या कपाटाकडे गेल्या. बॅकअपची डिस्क गेल्याच आठवड्यात नवी आणली होती. जुनी पूर्ण पुसून भाचीला देऊन टाकली होती. नव्या डिस्कवर हिरवा दिवा लागायला हवा होता. तो लागलेला नव्हता. ताईंनी वायर हलवली आणि ती अलगद हातात आली.

"असं कसं? रोज सकाळी मी बघते, बॅकअपची सूचना येते म्हणून!" त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. घरच्या पडद्यावरही फलकच चालू होता. सासऱ्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि मोठ्यानं वाचलं:

"'काही अडचणीमुळे आजचा बॅकअप पूर्ण होऊ शकला'." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "अडचणीमुळे पूर्ण होऊ शकला! सूनबाई, आठवडाभर हे वाचत होतीस?"

"मी 'बॅकअप पूर्ण' एवढंच वाचत होते, बाबा."

"वाचक असेच असतात," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात चाळीस वर्षांचा अनुभव होता.

सल्लागाराचा पुन्हा फोन आला. ही बातमीही त्याला कुठूनशी लागली होती. "मॅडम, पडदे रात्री नवा मजकूर घ्यायला जातात ना? आज काहीच मिळणार नाही. उद्या सहाशे भिंती कोऱ्या. अजूनही वेळ आहे, हो म्हणा. कुणाला काही कळायचं कारण नाही."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. सकाळचं ठसक्यातलं वाक्य आठवून ताईंचे कान लाल झाले होते. पण लपवायचं म्हटल्यावर त्यांची मान ताठ झाली.

"सगळ्यांना कळणार आहे. मीच सांगणार आहे. आणि फलक मिळणार नाही. दुसऱ्यांदा फोन करू नका."

"दुसऱ्यांदाच केलाय."

"मग तिसऱ्यांदा!"

त्यांनी पानावर लिहिलं: 'सकाळी मी चुकीचं लिहिलं. डेटा पुसला गेला आहे. बॅकअप नव्हता. चूक माझी आहे. मार्ग शोधतोय. फलक तरीही विकला जाणार नाही.'

ताईंनी डोळे मिटून शिव्यांची वाट पाहिली. पहिलं उत्तर दातांच्या दवाखान्यातून आलं: 'पडदा दिवसभर स्वतःजवळची प्रत दाखवतो ना? माझा अजून चालू आहे. ती काढून घेता येईल का?'

घाईभाऊनं फोनवरच किंकाळी फोडली. येत होती! रात्रीच्या आत सगळ्या पडद्यांवरचा मजकूर ओढून आणता येत होता. दुपारी चारपर्यंत सहाशेही ठिकाणच्या सूचना चपलांच्या कपाटावर परत आल्या. फक्त पडद्यावर जशा दिसत होत्या, तशाच आल्या. त्यातल्या नऊशे अकरा लांब सूचनांना शेवटचा शब्द नव्हता.

"नऊशे अकरा," ताई पुटपुटल्या.

सासरे उठले. कपाटातून तांबडी पेन्सिल काढली, तिला टोक केलं आणि म्हणाले, "कागदावर छापून आण. पडद्यावर मी प्रुफं बघत नाही."

त्यानंतर चार तास घरात कुणी त्यांच्याशी बोलायची हिंमत केली नाही. 'लिफ्टमध्ये सहापेक्षा जास्त माणसांनी चढू', 'पोहण्याच्या तलावात जेवणानंतर लगेच उतरू', 'परीक्षेच्या खोलीत फोन आणण्यास परवानगी'. ते भराभर 'नये', 'नका', 'नाही' लिहीत सुटले. ताई ते संगणकावर चढवत होत्या, घाईभाऊ तिकडून तपासत होता. जिथे शंका आली तिथे सासरे स्वतः फोन करून विचारत. "अंदाजानं शब्द घालायचा नसतो," ते म्हणत. "मूळ लेखकाला विचारायचं."

संध्याकाळी आठच्या सुमारास एका कागदापाशी पेन्सिल थांबली. सासऱ्यांनी तो उजेडाकडे धरला, ताईंना दाखवला. खालचा पत्ता वाचून ताई आधी चकित झाल्या आणि मग इतक्या हसल्या, की घाईभाऊ फोनवरून विचारत राहिला, काय झालं, काय झालं.

फलक विकत मागणाऱ्या कंपनीच्या स्वागतकक्षातही फलकच होता. फुकटचा. कदाचित वर्षानुवर्षं.

"नंबर दे त्यांचा," सासरे म्हणाले. सल्लागारानं पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"मॅडम! मला वाटलंच होतं, तुम्ही विचार बदलाल."

"मी मॅडमचा सासरा बोलतोय. तुमच्या स्वागतकक्षातल्या फलकाची एक सूचना अर्धवट आहे. वाचतो. 'आमच्याकडे असलेली ग्राहकांची खासगी माहिती इतर कंपन्यांना विकली जात'. इथे तुटलंय. पुढे काय होतं?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"घाई करायला नको, पण रात्रीच्या आत भिंतीवर जायचंय," सासरे शांतपणे म्हणाले. "'आहे' लिहू की 'नाही'?"

"म्हणजे... 'नाही'च असणार," सल्लागार म्हणाला. "बहुतेक."

"बहुतेक चालत नाही हो छपाईत."

मग सल्लागार अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "वरिष्ठांना विचारून कळवतो."

"कळवा. लेखी कळवा," सासरे म्हणाले, आणि कागदाच्या समासात तांबडं प्रश्नचिन्ह काढून त्यांनी पुढची सूचना हातात घेतली.