भिंतीला सील

प्रतिमानं कपाट सरकवलं, ते फक्त लेकीचा हरवलेला मोजा शोधायला. मोजा सापडला नाही. (मोजे सापडतच नसतात.) कपाटामागं काळीकुट्ट, लव आलेली बुरशी मात्र हातभर सापडली. वरचा एसी भिंतीतल्या भिंतीत ठिबकत होता, आणि सहा महिन्यांची पोर त्याच खोलीत खोकत होती!

एसीवाल्या भैयाला बोलावलं. त्यानं भिंतीला बोट लावलं आणि नाक मुरडलं.

"दीदी, यहाँ तो सील लग गई है। बच्ची को इस कमरे से हटाइए।"

एवढं बोलून तो नवा पाइप आणायला ओमतीच्या बाजारात गेला.

सील! भंडाऱ्याला माहेरच्या गल्लीत एका दुकानाला सील लागलेलं तिनं पाहिलं होतं. कुलूप, त्यावर कापड, त्यावर लाख. जबलपूरची हिंदी तिला अजून अर्धीच कळायची. (उरलेली अर्धी ती मनानं भरून काढायची.) त्यात क्वार्टर नवऱ्याच्या फॅक्टरीचं आणि एसी बिनपरवानगीचा. क्वार्टर गेलं तर खोकती लेक घेऊन जायचं कुठं?

फॅक्टरीत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून तिनं सेक्शनच्या फोनवर नवऱ्याला, नीलकंठला, बोलावून घेतलं.

"अहो, खोलीला सील लागलं!"

"काय बोलून राहिली? कशापायी?"

"एसीपायी!"

तिकडं रिसीव्हर आपटल्याचा आवाज आला.

"काहून वं, तोंड पांढरं फट पडलं?" सासूबाईंनी, भीमाबाईंनी, विचारलं.

"आई, घराला सील लावाले येऊन राहिले!"

"मंग उभी काय राहिली? सामान काढ!"

गाद्या, मिक्सर, पाळणा, लोणच्याची बरणी, सगळं अंगणात आलं. शेजारच्या चंपाबाई कुंपणावरून विचारू लागल्या, "बदली झाली का हो?"

पाइप घेऊन परतलेला भैया पाळण्याला अडखळला.

"दीदी, बच्ची को हटाने बोला था, पूरे घर को नहीं!"

"पण सील..."

"अरे, सील मतलब सीलन! दीवार गीली है!"

ओल! नुसती ओल! प्रतिमा फोनकडं धावली. पलीकडं रिसीव्हर उचलताच तिनं एका दमात सांगून टाकलं, "अहो, घाबरू नका! सील नाही, ओल आहे! आपल्या एसीची परवानगी नाही, हे कोणालेच कळलं नाही!"

तिकडून नुसतं "हं" आलं. (नीलकंठ एरवीही तेवढंच बोलायचा.)

भैयानं गळती काढली. प्रतिमानं लेकीला चंपाबाईंकडं दिलं, खिडक्या उघडल्या, नाकातोंडाला फडकं आणि हातात रबरी मोजे घालून साबणाच्या पाण्यानं भिंत पुसायला घेतली. तेवढ्यात भीमाबाई एका हातात ॲसिड, दुसऱ्या हातात ब्लीचिंग पावडर घेऊन आल्या.

"दोन्ही एकाच बादलीत टाकतो. बुरशी मुळासकट जाईन."

"आई!" प्रतिमा किंचाळली. "एकत्र केलं तर विषारी वायू होते! बाटलीवर लिहून आहे!"

भीमाबाईंनी दोन्ही हात साप धरल्यासारखे लांब धरले.

भिंत कोरडी होत आली तेव्हा नीलकंठ परतला. मान खाली.

"अहो, सांगितलं ना, सील नाही म्हणून!"

"ते मले नाही सांगितलं. माफी मागाले मी साहेबांच्या टेबलासमोर उभा होतो. तोंड उघडणार, तेवढ्यात सेक्शनचा फोन वाजला. त्यांनीच उचलला."

प्रतिमाच्या हातातलं फडकं गळून पडलं. "साहेबांना मराठी येते?"

"अमरावतीचे आहेत."

"मग... काय म्हणाले?"

"म्हणाले, 'आता कळलं.'"