कडक भाकरीचा सांधा

सकाळचे ऊन बसूच्या माडीवर नेहमी उशिराच येई. आधी ते पाण्याच्या टाकीवर घटकाभर टेके, मग दोरीवर वाळत घातलेल्या चादरीतून गाळले जाऊन थोडे लालसर होई, आणि खिडकीच्या गजांपाशी येऊन, आत यावे की न यावे, अशा संकोचात थबके. बसूला त्याचा हा स्वभाव आपलासा वाटे. आज मात्र ते गल्लीपलीकडे, अल्तमशच्या घरात आधी शिरले. तिथे पडदा नव्हता, कपाट नव्हते, पलंगही नव्हता. अडवणारे कोणीच नसल्यामुळे ते थेट मागच्या भिंतीपर्यंत गेले आणि कॅलेंडर काढल्यावर उरलेल्या गडद चौकोनावर निमूट पडून राहिले. बसूने ते पाहिले आणि खिडकीकडे पाठ केली.

"रंग द्यायचा असेल," तो स्वतःशी म्हणाला.

गल्लीत सामानाने भरलेला टेम्पो उभा होता. अल्तमशला हैदराबादेत नोकरी लागून महिना झाला होता. तो आई-वडिलांना घेऊन तिकडे निघाला आहे, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. बसूलाही ठाऊक होते. फक्त विचारणाऱ्याला तो "अल्तमश चार दिवस जाऊन येतोय" असे सांगे.

अल्तमश खोके काखेत मारून जिना चढून आला. "हे ठेव बे तुझ्याकडं. टेम्पोत मोडंल."

खोक्यात त्याचे रूळ होते. दोघे शाळेत असताना बसूच्या मामाने मुंबईहून खेळण्यातली रेल्वे आणली होती, आणि अल्तमशच्या मामूने दुबईहून. बसूच्या माडीवरचे स्टेशन सोलापूर. अल्तमशच्या घरातले जेऊर, कारण त्याची नानी तिथली. पण कंपन्या वेगळ्या. रुळांमधले अंतर सारखे असले, तरी बसूचे रूळ अल्तमशच्या रुळांपेक्षा जरासे उंच होते. सोलापूरची गाडी त्यामुळे जेऊरला कधी गेलीच नाही. मोठे झाल्यावर जोडू, असे दोघे म्हणत. मोठे मात्र ते नकळतच झाले.

"आज जोडू," बसू म्हणाला.

"आज? टेम्पोवाला खाली शिव्या घालायलाय बे!"

"सांधा जमला, की जा."

सांधा जमला, तर अल्तमशचे जाणे काही खरे नाही, असे बसूने मनाशी ठरवले होते. आपली गाडी जिथे येते-जाते, ते गाव माणूस कसा सोडील?

सांध्याची पत्र्याची पट्टी बसूच्या रुळात घट्ट आणि अल्तमशच्या रुळात सैल बसली. पक्कडीने दाबली, तर ती कुठेच शिरेना. मोठ्या मिनतवारीने ती बसली. पण इंजिन सांध्यावर आले आणि जेऊरच्या हद्दीत कोलमडले. अल्तमशचे रूळ खालून उचलायला हवे होते. लग्नपत्रिका पातळ पडली. पुठ्ठा जाड झाला. बसू स्वयंपाकघरात धावला आणि फडक्यात बांधलेली ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चवड घेऊन आला.

"भाकरी? बे, डोकं ठिकाणावर हाय का?"

"जाडी बघ की!"

जाडी अचूक होती. भाकरीचा तुकडा रुळाखाली गेला, गाडी सोलापूरहून सुटली, सांधा ओलांडून जेऊरला पोचली आणि तशीच परतही आली.

"आयला, जेऊर आलं बे!" अल्तमश लहान मुलासारखा ओरडला. मग एकदम गंभीर झाला. "बसू, ऐक ना. अब्बांनी घर..."

"थांब, दुसरी फेरी."

दुसऱ्या फेरीत भाकरी तडकली. तिच्या जागी दुसरी आली. ती कडेला पातळ निघाली. तिसरी फुगीर होती. बसू भाकरीमागून भाकरी मोडत राहिला, आणि अल्तमशचे वाक्य प्रत्येक फेरीला त्याच जागी तुटत राहिले.

"बसू, फडक्यातल्या भाकऱ्या कुटं हायती रे?" खालून आईचा, अक्कम्माचा, आवाज आला. "अल्तमशच्या आईला वाटंत खायला बांधल्या हुत्या की!"

शोधत ती वर आली आणि दारातच थिजली. "अय्यो शिवने! माज्या भाकरीवरनं रेल्वे?"

"काकी, लई भारी पळायली," अल्तमश म्हणाला.

"पळू दे! तुजी आई वाटंत काय रूळ खाईल व्हय?"

खाली हॉर्न वाजला. पाठोपाठ अल्तमशच्या वडिलांची, राजेसाबची, हाक आली, "अल्तमश, उतर रे बाबा!"

अल्तमश खाली बसला आणि रुळांखालचे तुकडे एकेक ओढून, फुंकर मारून फडक्यात ठेवू लागला.

"काय करायलास?" बसू घाबरून म्हणाला.

"न्यायलोय. कडक भाकरी चुरूनच खातात की बे. अर्धं काम तू केलायस."

अक्कम्माला हसू फुटले आणि त्याच हसण्यात तिने डोळ्यांना पदर लावला. तिने शेंगाचटणीची पुडी फडक्यात खोचली.

"सांध्याखालची तरी राहू दे," बसू म्हणाला.

अल्तमशने त्याच्याकडे क्षणभर पाहिले. मग तो तुकडाही अलगद काढला. "अम्मीला काकीच्या हातची लई आवडती. तिकडं नाही मिळायची."

"रविवारी आलास, की खा की."

"हं," अल्तमश म्हणाला, आणि जिना उतरला.

टेम्पो सुरू झाला. बसू खिडकीशी गेला नाही. इतक्या फेऱ्यांत सांध्याची पट्टी आता घट्ट बसली होती. त्याने गाडी सोडली. सांध्यावर ती भाकरीएवढी खाली उतरली, टुक् असे वाजले, आणि डुलत जेऊरला पोचली.

"भाकरीवाचून जातीय की!" तो आनंदाने म्हणाला आणि त्याने उलटे बटण दाबले. परतताना चाक उंच रुळाच्या कडेवर आदळले. गाडी घसरली. त्याने ती उचलून पुन्हा सोलापुरात ठेवली. पुन्हा गेली. पुन्हा आली नाही.

अक्कम्मा दारातच उभी होती. "जाताना चांगली जाती की रे."

"हो."

"मग येताना काय हुतंय?"

ऊन आता गजांतून आत येऊन रुळांवर पडले होते, आणि सांध्यावरची ती लहानशी पायरी त्यात लख्ख दिसत होती.

अल्तमश आता सोलापुरात राहत नव्हता.