बहात्तर मजली मनोरा आणि त्याचे दोषपत्र

श्री. ज्याने आकाश खांबावाचून उभे केले आणि ज्याच्या कामास आजवर कोणासही दोषपत्र लावता आले नाही, त्या आद्य स्थपतीस दंडवत घालोन लिहिणार लिहितो ऐसा जे, शके सतराशे नव्याण्णव, ईश्वरनाम संवत्सरी, वैशाख मासी, महाराजांचे मनी आले की शेजारील राज्यात चाळीस मजल्यांचा मनोरा जाहला आहे, आणि तेथील राजे रोज सकाळी त्याचे गच्चीवर उभे राहोन आमचे राजवाड्याचे न्हाणीघरापर्यंत पाहतात. मग महाराज बहुत कष्टी जाहले, दोन दिवस स्नान केले नाही, आणि तिसरे दिवशी दवंडी पिटविली की मेघास हात लागेल ऐसा मनोरा जो कोणी योजील त्याने लाकडाचा नमुना करोन दरबारी आणावा.

लिहिणार कोण म्हणाल तर याच राज्याचा जुना स्थपती. सव्वीस वर्षे चाकरी करोन कोठारे बांधली, पूल बांधले, हमामखाने बांधले, आणि सर्वांवर नाव कोरले ते महाराजांचे, ते योग्यच, तक्रार नाही. परंतु मनी एकच धरिले होते की एका तरी दगडावर आपले नाव यावे आणि मग डोळे मिटावे. मनोरा बांधणाराचे नाव पायथ्याशी कोरावयाचे, ऐसे दवंडीत स्पष्ट होते. म्हणोन आम्ही दोन महिने खपोन पन्नास मजल्यांचा नमुना केला, दीपमाळेसारखा सरळ, भक्कम, ज्यास पाहोन कोणास नवल वाटणार नाही आणि भयही वाटणार नाही ऐसा.

दरबारी अकरा नमुने आले. एकाने मनोरा उलटा केला होता, पाया ढगात आणि कळस जमिनीकडे, आणि ढगास दोर कोठे बांधावा हे महाराजांनी पुसता तो म्हणाला की तेवढे एक राहिले आहे. एकाचा मनोरा सूर्याबरोबर फिरणार होता, तर फिरविण्यास तळाशी चारशे बैल योजिले होते. एकाने मजल्यामजल्यावर भातशेती केली होती आणि नांगर पाळण्यातोन वर न्यावयाचे होते. आम्ही मिशीतल्या मिशीत हसत होतो. तों बंदरावरील एक बाई आली, नाव आवडाबाई तांडेल, घरी पिढ्यान्‌पिढ्या गलबतांची शिडे शिवण्याचा धंदा, वय तीस-बत्तीस, आणि तिने नमुन्यावरील फडके काढिले. उसाच्या कांडासारखा गोल, सडपातळ मनोरा, बहात्तर मजले, दर सहा मजल्यांवर उसासारखे पेर, आणि बाहेरून सर्व अंगास लहान लहान शिडे, ती ऊन येईल तिकडे उघडावी आणि सावली येईल तिकडे मिटावी. महाराज उभे राहिले. सव्वीस वर्षांत महाराज आमचे कोणत्याही कामास उभे राहिले नव्हते. आमच्या अंगाचा तिळपापड जाहला. खरे लिहावयाचे तर तो नमुना सुंदर होता, इतका की आपल्या हातून का जाहला नाही म्हणोन हात कापोन टाकावे ऐसे वाटले.

आता या राज्याची एक चाल आहे, ती थोरले महाराजांनी घालोन दिली. पसंत पडलेला नमुना लगेच बांधावयाचा नाही. ज्याचा नमुना दुसरा आला त्याचे घरी तो चाळीस दिवस ठेवावयाचा, आणि त्याने दोषपत्र लिहावयाचे. थोरले महाराज जाणते होते. जळणाऱ्या माणसाइतके बारीक कोणी पाहत नाही, हे त्यांनी ओळखिले होते. आणि खरा दोष निघोन दुरुस्त जाहला, तर जेथे दुरुस्ती होईल तेथील भिंतीत दोष काढणाराचे नावाची शिळा बसवावयाची. दुसरा नमुना आमचा आला होता. मग चार हमाल आवडाबाईचा मनोरा घेऊन आमचे ओसरीवर आले.

चाळीस दिवस आम्ही दुसरे काही केले नाही. पेरे मोजिली, खिळे मोजिले, शिडांचे टाके मोजिले. जेवताना मनोरा समोर घेऊन बसत असू. कुटुंब म्हणाले, "त्या लाकडाकडे बघता तेवढं माझ्याकडे उभ्या जन्मात बघितलं नाहीत." आम्ही म्हणालो, "तुझ्यात दोष काढायचा नाही मला." कुटुंब म्हणाले, "तो तर रोज काढता, न बघता." आणि उठोन गेले. अडतीस दिवस जाहले आणि एक दोष सापडेना. बाईचा हिशेब चोख होता. रागाने अन्न जाईना. मग एकोणचाळिसावे दिवशी दुपारी खिडकीतोन पश्चिमेचा वारा सरळ, एकसारखा सुटला, आणि मनोरा गुणगुणू लागला, आणि आम्ही पाहतो तों वारा येतो समोरोन आणि मनोरा डोलतो आडवा, डावीकडे, उजवीकडे, आणि डोलणे वाढतच जाते. आम्ही धावत जाऊन लोहाराचा भाता आणविला आणि संध्याकाळपर्यंत वारा घातला. जोराचा वारा घातला तर काही होईना, परंतु मध्यम, एका लयीत घातला की मनोरा झुलू लागे. मग आम्ही ओसरीवर चक्क नाचलो. कुटुंब म्हणाले, "सापडला वाटतं." आणि गूळ आणोन हातावर ठेविला.

दरबार भरला. आम्ही दोषपत्र मोठ्याने वाचिले, आणि मग भाता लाविला. मनोरा गुणगुणला, मग डोलला, मग शिडे फडफडू लागली, आणि वरची दोन पेरे निखळोन महाराजांचे पायाशी पडली. सरदार हसले. दिवाण नारो शामजी, जे काल आवडाबाईस पालखी पाठवीत होते, ते सर्वांआधी हसले. महाराज म्हणाले, "आवडाबाई, हे काय?" बाईचा चेहरा पांढरा पडला होता. तो पाहोन आम्हांस जे सुख जाहले ते लिहावयास लाज वाटते, तरी लिहितो. मग बाई म्हणाली, "पंतकाका, पुन्हा मारा भाता. तसाच." आणि मनोऱ्यास पाठीवर ठेवावा तैसा तळहात लावोन उभी राहिली, डोळे मिटोन. मग डोळे उघडोन म्हणाली, "काका खरं बोलतात, महाराज. वारा याच्या दोन्ही अंगांनी पाळीपाळीने सुटतो, नि सुटताना याला ओढतो. माझं चुकलं. होडीवर असते तर शीड खाली घेतलं असतं. इथं घरं बांधायच्या नादात विसरले." आणि तिने पडलेली पेरे परत बसविली, आणि भर दरबारात चाकू घेऊन सातवे आणि दहावे पेर, प्रत्येकाचा मधला एक मजला, भिंती, खिडक्या, शिडे सर्व कापोन काढिली. मागे राहिले ते आतले बारीक लोखंडी खांब, आणि त्यातोन पलीकडे बसलेले दिवाण दिसू लागले. म्हणाली, "आता वारा मधनं पार होईल, लय धरणार नाही. मारा."

भात्यावर आम्ही स्वतः बसलो. जोराने घातला, हळू घातला, त्याच लयीत घातला, घामाने अंगरखा भिजला, पगडी सुटली. मनोरा हलला नाही. महाराज अखेर म्हणाले, "पंत, पुरे. दमाल."

मग मनोरा बांधावयास सात वर्षे लागली. लोक देशोदेशीहोन पाहावयास येत आणि त्या दोन रिकाम्या मजल्यांकडे बोट दाखवीत. शेजारील राजे आता आपले गच्चीवर येत नाहीत, कारण महाराज वरोन हात हालवितात. वास्तुशांतीचे दिवशी आवडाबाईचे नाव पायथ्याशी कोरले गेले, आणि मग आम्हांस पाळण्यात बसवोन दहावे पेरावर, त्या रिकाम्या मजल्यावर नेले. महाराज होते, दिवाण होते, आणि एका खांबास टेकवोन शिळा ठेविली होती. काळा दगड, अक्षरे ठसठशीत, आणि नाव आमचे. सव्वीस आणि सात, तेहेतीस वर्षांनी दगडावर नाव पाहिले. आम्ही बोट फिरविले. काना, मात्रा, सर्व शुद्ध होते.

परंतु शिळा बसवावी कोठे? चाल अशी की दुरुस्तीचे जागी भिंतीत बसवावी, आणि दुरुस्ती तीच की भिंत नाही. खांब तर हाताच्या मुठीएवढे. तेव्हा आवडाबाई म्हणाली, "चार हात भिंत घालू, काका. मी हिशेब केलाय. एवढ्यानं काही बिघडत नाही. तुमच्यामुळं उभाय हा." ती मनापासोन बोलत होती. तिने थट्टा केली असती तर बरे होते. त्या घटकेस तिचा जितका मत्सर वाटला तितका कधी वाटला नव्हता. महाराजांनी मान डोलविली, आणि दिवाण नारो शामजी पुढे येऊन म्हणाले, "भिंत होणारच आहे, तर मागल्या अंगानं आणखी तीन घालून आमच्या मेव्हण्यांचं दप्तर बसवता येईल. हवा चांगली आहे."

आम्ही बाईकडे पाहिले. बाईने आमचेकडे पाहिले. वारा या अंगाने येऊन त्या अंगाने चालला होता आणि अंगरख्याची टोके ओढीत होता. हा दोष आमचा होता, चाळीस दिवस उपाशीतापाशी काढिलेला. तो पुन्हा कोणी घालावा हे आम्हांस सोसेना. आम्ही म्हणालो, "भिंत नको, महाराज."

महाराज म्हणाले, "आणि नाव?"

"नावही नको. आज्ञा लिहून द्यावी की या दोन मजल्यांवर कोणी, कधी, कसलीही भिंत घालू नये."

आज्ञा लिहिली गेली. दिवाण आमचेशी आजतागायत बोलत नाहीत. शिळा हमालांनी घरी आणोन टाकिली, आणि कुटुंब तिजवर धुणे धुते. आम्हांस विचारोन मग पालथी घातली, एवढा मान राखिला.

येणेप्रमाणे मनोऱ्याची हकिकत जाहली. लिहिणाराचा मत्सर अद्याप गेलेला नाही. वावटळ सुटली की अंगणात उभे राहोन मनोरा हलतो की काय ते पाहतो. हलत नाही, याचे वाईट वाटते, आणि कधी हलल्याचा भास जाहला तर त्याहोन वाईट वाटते. बखरीचे शेवटी लिहिणाराने नाव घालावे ऐसी रीत आहे. येथे घातलेले नाही. जागा मोकळी ठेविली आहे.