आधी प्रकार सांगा

दिगंबर सरांना घराला आग लागली हे सांगायचं झालं, तरी आधी "तातडीचं" म्हणावं लागेल. त्याशिवाय ते मान वर करणार नाहीत.

लातुरात मी शिकवणीच्या पोरांची खानावळ चालवते. सर वरच्या खोलीत एकटे राहतात, क्लासच्या कॉम्प्युटरचं काम बघतात. मी जिन्यातून "सर, पाणी आलंय" म्हटलं, की वरून विचारणार, "मावशी, प्रकार?"

"प्रकार कसला? नळ आलाय!"

"म्हणजे सूचना. हां, आता सांगा."

तोवर नळ गेलेला.

त्यांचं कामच तसलं. क्लासमध्ये पोरांना मोबाईलची बंदी. गावाकडचे आईबाप क्लासच्या एकाच नंबरवर निरोप धाडतात. वर प्रकार लिहायचा. 'फी' लिहिलं की निरोप ऑफिसात, 'रजा' लिहिलं की रेक्टरकडं, 'अभ्यास' लिहिलं की शिकवणाऱ्यांकडं. ही वाटणी करणारा प्रोग्राम सरांचा.

"आन् प्रकार लिहिलाच न्हाई तर?" मी एकदा विचारलं.

"तर कुणाकडंच जात न्हाई. लई शिस्तीचं काम हाय, मावशी."

एका संध्याकाळी पोरं जेवायला बसली आणि जमीन गुरगुरली. मांडणीवरची ताटं खडखडली. सगळे गल्लीत पळाले. कुणाला काही लागलं नाही. सर जिन्यात बसलेले, मांडीवर कॉम्प्युटर, तोंड पांढरंफटक.

"मावशी, निरोप नुसते यायलेत. एकालाबी प्रकार न्हाई."

मी वाकून बघितलं. 'बाळा हायस का.' 'चाकूरहून लिहितोय, पोरगी कुठं हाय आमची.' आणि प्रत्येकाखाली मशीनचं उत्तर: प्रकार कळला नाही.

"आवो, तिकडं जीव जायलाय त्यांचा! मशीन ऱ्हाऊ द्या, तुम्ही लिहा!" मी कुणावर इतकी कधी ओरडले नव्हते.

मग ते नाव वाचत, मी गल्लीत हाक मारी. पोर "हाय!" म्हणालं की ते लिहीत, सुखरूप आहे. शेवटच्या बापाला उत्तर गेलं तेव्हाच ते उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा प्रकार काढला. खुशाली.

"हा कुणाकडं जाणार?"

"तुमच्याकडं. पोरं जेवायला तुमच्याकडंच येतात की. ज्या निरोपाला प्रकार नसंल, तोबी तुमच्याकडंच."

दुपारीच माझ्या मोबाईलवर पहिला निरोप आला. 'दिगू जेवला का?' खाली एका बाईचं नाव, गाव किल्लारी. दिगू नावाचं पोर माझ्याकडं नव्हतं. मी जिन्यातून विचारलं.

"ट्रायल हाय ती," वरून आवाज आला. "कुणाचं तरी नाव टाकावं लागतं. आईचं टाकलं."

"त्यांना आणा की एकदा लातूरला."

"भूकंपात गेली ती, मावशी. मी लहान होतो."

मी खाली आले, ताट वाढलं. मग एकेक अक्षर शोधत त्या निरोपाला उत्तर लिहिलं: अजून नाही जेवला. ताट वाढलंय. काळजी करू नका.

वर मोबाईल वाजला. मग जिन्यावर चपला वाजल्या.