कोरं पुस्तक नापास

मला वाचता येतं ते शेख गुरुजींमुळं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पुरती शाळा पाहिली नव्हती. आज मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात बसून दिवसभर तपासणीचे अहवाल वाचतो आणि खाली सही करतो. दर सहीला गुरुजींची आठवण येते असं म्हटलं तर खोटं होईल, पण पगाराच्या दिवशी नक्की येते. अशा थोर माणसाबद्दल पहिली गोष्ट काय सांगायची, तर त्यांना फाटलेली पुस्तकं आवडतात.

जुनी नव्हे, फाटलेली. कोपरे दुमडलेली, शिवण उसवलेली, मधलं पान हाती येणारी. आमच्या गावच्या शाळेत ते पहिली-दुसरीला शिकवतात. रोज संध्याकाळी प्रत्येक पोराला एक गोष्टीचं पुस्तक घरी न्यायला देतात आणि सकाळी दारातच तपासणी घेतात. "दाखव," म्हणतात. पोरगं पुस्तक पुढं करतं. गुरुजी चष्मा कपाळावर ढकलतात, पानं उलटतात, कोपरे चाचपतात, एकदा वासही घेतात. पुस्तक जसं गेलं तसंच परत आलं असेल, तर त्यांचा चेहरा पडतो.

"नापास."

"मी का, गुरुजी?"

"तू नाय रे. पुस्तक. कोरं पुस्तक नापास. आज पुन्हा घेऊन जा त्याला."

डाग असला की मात्र स्वारी खुलते. हळदीचा डाग दिसला की म्हणतात, "शाब्बास. आईनं बी पान उलटलं. स्वयंपाक करता करता उलटलं." चहाचा गोल डाग म्हणजे बाप वाचायला बसला होता. तेलाची बोटं म्हणजे आजी. एकदा एका पुस्तकाला डिझेलचा वास आला. पोराचा बाप ट्रॅक्टर चालवायचा. गुरुजी ते पुस्तक घेऊन वर्गावर्गातून फिरले आणि बाकीच्या शिक्षकांच्या नाकाला लावून आले.

ही खोड जुनी आहे. मी पहिलीत होतो तेव्हा कुण्या भल्या माणसानं शाळेला गोष्टींची पुस्तकं दिली होती. चित्रांची, मोठ्या अक्षरांची, गुळगुळीत कागदाची. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी ती रजिस्टरला चढवली, लोखंडी कपाटात ठेवली आणि दोन्ही दारांना मिळून एक भलंमोठं कुलूप घातलं. त्यांचंही चुकत नव्हतं. दिलेली वस्तू हरवली तर जाब त्यांनाच द्यावा लागणार. पंधरा ऑगस्टला कपाट उघडायचं, पाहुण्यांना पुस्तकं दाखवायची, की पुन्हा बंद. आम्ही लांबून हात जोडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

गुरुजी तेव्हा नुकतेच बदलून आले होते. मुख्याध्यापक मीटिंगला गेलेले पाहून त्यांनी एका दुपारी हातोडी आणली, बिजागऱ्यांच्या खिळ्या ठोकून काढल्या आणि दोन्ही दारं कुलपासकट उचलून व्हरांड्यात भिंतीला टेकवली. मुख्याध्यापक परत आले तर कपाट उघडं, पुस्तकं पोरांच्या हातात.

"शेख, कुलूप तोडलं तुम्ही?"

"तोबा तोबा. कुलपाला हात बी नाय लावला, सर. बघा की, जसंच्या तसं बंद हाय."

आणि खरंच ते बंद होतं. मुख्याध्यापक निवृत्त होईपर्यंत त्याची चावी कमरेला लावून फिरले. दारं व्हरांड्यात राहिली. आम्ही त्यांच्यावर खडूनं अक्षरं गिरवायचो.

त्याच आठवड्यात मला मिळालेल्या पुस्तकाचं शेवटचं पान आमच्या वगारीनं खाल्लं. म्हशीच्या पिल्लाला गुळगुळीत कागद इतका आवडतो हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी रडत शाळेत गेलो. आई बरोबर आली, पदराआडून म्हणाली, "गुरुजी, गरिबाची चूक झाली, भरून देऊ." गुरुजींनी पुस्तक पाहिलं. त्यांचे डोळे असे चमकले, की आई घाबरून एक पाऊल मागं सरली.

"ज्ञान्या, कोल्हा विहिरीपर्यंत गेला ना? मग पुढं?"

"पुढचं वगारीच्या पोटात हाय, गुरुजी."

"मग आता तुलाच लिवावं लागंल."

मी लिहिलं. कोल्हा विहिरीत पडला आणि वगारीनं त्याला वर काढलं. आयुष्यात मी स्वतःच्या मनानं लिहिलेली ती पहिली ओळ. गुरुजींनी तो कागद खळीनं पुस्तकाला चिकटवला. पुढची पोरं ती गोष्ट तशीच वाचत गेली. कोल्ह्याच्या गोष्टीत एकाएकी वगार कुठून आली, हे कुणी विचारलं नाही.

शिकून गेलेल्या पोरांकडून गुरुजी फक्त एक गोष्ट मागतात: पत्र. फोन केला तर म्हणतात, "बोलायला तर तुझी वगार बी बोलती. लिवून पाठव." पत्र पाठवलं की तांबड्या शाईनं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त होऊन परत येतं. माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा तशीच परत आली होती.

तर, गेल्या वर्षी आमच्या कंपनीनं कामगारांना विचारलं, आसपासच्या कोणत्या शाळेला मदत करावी? मी सगळ्यांत आधी हात वर केला. जूनमध्ये साहित्याची पेटी घेऊन टेम्पो आला. पेटीत काय नव्हतं? मोठी चित्रपुस्तकं, शब्दांची कार्डं, पाट्या, रंग, बसायला चटया आणि मागं चुंबक लावलेली रंगीत अक्षरं. बरोबर फळा आला नव्हता, तेव्हा ही अक्षरं चिकटवायची कशाला, हा प्रश्न पडला. गुरुजी क्षणभर विचारात पडले, मग 'म' घेऊन व्हरांड्यात गेले आणि कपाटाच्या दारावर धरला. टक्कन बसला. मी हातातली चटई टाकून पळत गेलो. मग 'का' बसला. 'मका' झाला. इतकी वर्षं दारं जणू या टेम्पोची वाट बघत टेकून बसली होती.

त्या दारांपुढं सर्वांत जास्त वेळ बसायची ती गुडिया. तिचे आईवडील बिहारातून शेंद्र्याला कामाला आलेले. घरी भोजपुरी, शाळेत मराठी. त्यामुळं पोरीनं गप्प राहायचं ठरवलं होतं. ती कुणाशी बोलायची नाही. फक्त अक्षरं लावायची, काढायची, पुन्हा लावायची. दिवाळीनंतर तिचं पुस्तक हळदीचा डाग घेऊन आलं. गुरुजींनी त्या दिवशी सगळ्या वर्गाला गुडीशेव वाटली.

आणि मग कंपनीच्या मॅडमचा निरोप आला. पाटील मॅडम शाळा बघायला येणार होत्या. दिलेल्या साहित्याचं काय झालं ते बघून पुढची पेटी द्यायची की नाही ते ठरणार होतं. पुढची पेटी अंगणवाडीसाठी मागितली होती, आणि तिथल्या पोरांकडं एका फुटक्या बाहुलीशिवाय काही नव्हतं. गुरुजी मे महिन्यात निवृत्त होणार. ते गेल्यावर कोण मागणार होतं, कोण भांडणार होतं? गुरुजींना शाळा सोडण्याआधी ती पेटी आलेली बघायची होती.

मी आदल्या दिवशी रजा टाकून शाळेत गेलो आणि पुस्तकं पाहून खाली बसलो. वर्षभरात त्यांची रया गेली होती. हत्तीला सोंड नव्हती. एका पुस्तकाला फक्त मलपृष्ठ होतं.

"गुरुजी, मॅडम काय म्हणतील? निदान कव्हरं तरी घालू. मी खाकी कागद आणलाय."

"कव्हरं कामून? पुस्तकाला काय थंडी वाजती?"

"चिकटपट्टी लावू मग."

"मियाँ, तू परीक्षेला जाताना शाई पुसून जात होता का? हे आमचे पेपर हायत. असेच दाखवायचे."

मॅडम आल्या. स्वभावानं चांगल्या, पण कामाला चोख. त्यांनी एक पुस्तक उचललं, पान गळून त्यांच्या पायावर पडलं. दुसरं उचललं, त्याला लोणच्याचा वास. त्या माझ्याकडं पाहायला लागल्या आणि मी खिडकीबाहेरच्या लिंबाकडं.

"गुरुजी, वर्षभरात ही अवस्था? मी वर काय सांगू?"

"सांगा, वापरलं," गुरुजी म्हणाले. मग एकेक डाग सांगत सुटले. ही हळद, हा चहा, हे बाळाच्या तोंडात गेलेलं. मॅडम ऐकत होत्या, पण कपाळावरची आठी जात नव्हती.

"डागावरून वाचन कळत नाही, गुरुजी. मुलं पुस्तकं पाठ करतात. वाचतात हे कशावरून?"

गुरुजींनी मात्र शांतपणे पाटी त्यांच्या हातात दिली. "कुठल्या बी पुस्तकात नसंल असं काहीतरी लिवा. तुमच्या मनानं. बोलू नका मात्र, नुसतं लिवा."

मॅडमनी विचार केला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'माझ्या गाडीत मांजराचं पिल्लू आहे.' पाटी पोरांसमोर धरली.

वर्ग चिडीचूप. एकही पोर तोंड उघडेना. ओठ तेवढे हलत होते. मॅडम म्हणाल्या, "कोण वाचून दाखवतं?" कुणाचा हात वर होईना. मी डोळे मिटले. गेली पेटी.

डोळे उघडले तर गुडिया जागेवर नव्हती. ती दाराबाहेर पडून फाटकाकडं सुसाट निघाली होती. तिच्यामागून दुसरं पोर उठलं, तिसरं उठलं, आणि मग सगळा वर्ग चटया तुडवत, एकमेकांना ढकलत, मॅडमच्या पांढऱ्या गाडीकडं पळाला. आम्ही बाहेर आलो तोवर पोरं काचांना नाकं लावून लोंबकळत होती आणि ड्रायव्हर आत अंग चोरून बसला होता.

गुडिया परत आली. मॅडमच्या समोर उभी राहिली. वर्षभर जिचा शब्द कुणी ऐकला नव्हता, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पिल्लू नाय तिथं. खोटं कामून लिवलं?"

गुरुजींनी तोंड फिरवून रुमाल काढला. मॅडम खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं." मग उठून मला म्हणाल्या, "अंगणवाडीची यादी आजच पाठवा. आणि पुस्तकं जास्त मागा. इतकी फाटणार असतील तर पुरायची नाहीत."

मला इतका आनंद झाला, की गुरुजींना मोटारसायकलवर घालून मीच घरी सोडायला निघालो. एरवी ते बसनं येजा करतात. वाटेत मी मोठमोठ्यानं गुडियाचं वाक्य म्हणत होतो आणि गुरुजी मागून माझ्या पाठीवर थापा मारत होते. शहरात रोशन गेटजवळच्या गल्लीत त्यांचं घर आहे, दोन खोल्यांचं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच आत गेलो. चाची, म्हणजे गुरुजींची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सहकुटुंब जेद्दाहला असतो.

गुरुजी चहा टाकायला आत गेले. मी बसलो होतो त्या पलंगाशेजारी एक छोटी फळी होती, लहान मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर ठोकलेली. तिच्यावर मराठी चित्रपुस्तकं ओळीनं उभी होती. चुंबकाची अक्षरं होती, त्यांच्या डब्याचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. आणि प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर होतं, कोपरे दाबून नीट घातलेलं. वर चिठ्ठी, गुरुजींच्या अक्षरात: अयान.

मी एक पुस्तक उघडलं. पानं एकमेकांना चिकटलेली होती.

गुरुजी कप घेऊन दारात उभे होते. "नातू," ते म्हणाले. "ईदला येणार व्हते. त्याच्या शाळेचं जमंना. फोनवर दिसतो की. इंग्रजी फाडफाड बोलतो, मला अर्धं कळतं."

मी खाकी कव्हरावर बोट ठेवलं. "गुरुजी, कव्हरं?"

त्यांनी कप माझ्या हातात दिला. फळीवरचं पुस्तक सरळ केलं, ते सरळच होतं तरी.

"इथं वाजती रे त्यांना थंडी," ते म्हणाले.

घरी येऊन मी पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय गुरुजी,

सा. न. वि. वि. अंगणवाडीची यादी मॅडमना दिली. पुस्तकं दुप्पट मागितली आहेत.

दुसरं असं, की येत्या रविवारी सकाळी मी आमच्या लेकीला, ओवीला, घेऊन तुमच्याकडं येतो आहे. ती चार वर्षांची झाली. तिला अजून अक्षर ओळखता येत नाही, पण पान उत्तम फाडता येतं. बिस्किट हातात असल्याशिवाय ती पुस्तकाला शिवत नाही. तिच्या आईची हरकत नसेल तर दर रविवारी येईल.

ती पुस्तकं अयानची आहेत हे मला माहीत आहे. पण तो येईल तेव्हा तुम्ही त्याच्या हातात कोरी पुस्तकं देणार का? तुम्हीच सांगा, तुमच्या शाळेत ती पास होतील का? तो येईपर्यंत ओवी त्यांना पुढच्या वर्गात घालेल. हत्तीची सोंड शाबूत राहील याची हमी देत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तांबड्या शाईनं दुरुस्त कराव्यात, पण पत्र टपालानं परत पाठवू नये. रविवारी हातातच द्यावं.

रविवारपर्यंत कव्हरं तेवढी काढून ठेवा.

तुमचा विद्यार्थी,
ज्ञानेश्वर