मेहकरच्या तुरीची गाठ

आमच्या केंद्रातल्या नव्या शीतगृहाचे उद्घाटन होते. पाहुणे कात्री उघडून उभे होते, छायाचित्रकार गुडघ्यावर बसला होता, आणि तेवढ्यात बियाण्यांचे भांडार सांभाळणारे नरसिंगअप्पा पुढे झाले. "साहेब, कापता कामून? सुटती की!" असे म्हणत त्यांनी फितीची गाठ नखाने सोडवली आणि दोन्ही टोके अदबीने पाहुण्यांच्या हाती दिली. ते छायाचित्र अजून कार्यालयात आहे. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर नेमके काय आहे, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

गुलबर्ग्याजवळच्या त्या केंद्रात गावोगावच्या तुरीचे वाण जतन केले जात. शास्त्रज्ञ त्यांतील जनुकांचा अभ्यास करून नवे वाण घडवीत. मी नोंदवही लिहीत असे. अप्पा कापडी पिशव्या राखीत. आमच्या दोघांत एक टेबल होते आणि त्यावर कात्री ठेवण्याची मला मुभा नव्हती. एकदा घाईत मी एका दोरीला कात्री लावली, तर अप्पा खटकचिंचोळीपर्यंत, म्हणजे त्यांच्या गावापर्यंत, ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "बाई, काय करायलाव! त्या गाठीनं तुमचं काय घोडं मारलं?" मग स्वतः पाऊण तास बसून त्यांनी ती सोडवली. "दम धरा, सुटायलंय," हे त्यांचे पालुपद. बस न येवो, पगार अडो, कुणाच्या मुलीचे लग्न लांबो, अप्पांचे उत्तर एकच.

शेतकऱ्याने आणलेली पिशवी ते लगेच उघडत नसत; आधी तिची गाठ न्याहाळीत, मग ती सावकाश उकलून दोरीचा वेढा न् वेढा बघत. "ही औरादकडची. शेवटाला उलटा येढा हाय." माणूस खरोखरच औरादचा निघे. एकदा आमच्या शिपायाने बाजारातली तूर स्वतः बांधून परगावची म्हणून पुढे केली. अप्पांनी गाठ उकलली, शिपायाच्या पायांकडे पाहिले आणि म्हणाले, "व्हय रे, तुझ्या बुटाला बी अशीच हाय की!" त्यानंतर तो कित्येक दिवस चपला घालून येत होता.

पुढे राजेश्वरी मॅडम आल्या. पिकाच्या पेशीत दडलेला सगळा मजकूर यंत्रावर वाचून काढणे, हे त्यांचे काम. माझ्या वहीतली एक जुनी नोंद त्यांना सापडली : 'पांढरी तूर. मर रोग लागत नाही. गाव मेहकर. दात्याचे नाव : घरची.'

"घरची म्हणजे कुणाच्या घरची?" त्यांनी विचारले.

बी कुणी पाखडले इथपर्यंत दात्याची उलटतपासणी घेणारे अप्पा एकाएकी फळी पुसण्यात गढून गेले. बायकोचे नाव त्यांनी कधी घेतले नव्हते. ते नोकरीला लागले तेव्हा तिने माहेरचे बी केंद्राच्या पिशवीत भरून, स्वतः दोरी बांधून दिले होते. पुढच्या सुगीला ती नव्हती. हे मला जुन्या लोकांकडून कळले होते.

बी जुने होत जाते, म्हणून काही वर्षांनी ते पेरून नवे करून घ्यावे लागते. दर खेपेला यादी होई आणि मेहकरची पिशवी शेवटच्या ओळीवर सरकून पेरायची राहून जाई. तिथे ती मीच लिहीत असे. अप्पांनी तसे कधी सांगितले नाही. मीही कधी विचारले नाही.

"वाचायला कोवळं पान लागतंय, अप्पा," मॅडम हळूच म्हणाल्या. "बी उगवलं तरच पान. अजून थांबलो तर ही तूरच संपेल."

अप्पा पिशवी घेऊन खिडकीपाशी बसले. त्यांचे नख गाठीपर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले, पुन्हा परतले. "दम धरा..." ते म्हणाले.

मग त्यांनी विचारले, "बाई, सुई हाय का तुमच्याजवळ?"

मी दिली. त्यांनी पिशवी उलटी केली आणि तळाची शिवण टाका टाका करून उसवली. "ही शिवण केंद्राच्या शिंप्याची हाय," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. ताटलीत तिसेक दाणे पडले. गाठ होती तशीच राहिली.

ओल्या गोणपाटावर चार दिवस काहीच हालले नाही. पाचव्या दिवशी तीन दाण्यांना मोड आले. मॅडमना पाने मिळाली. ती तीन रोपे अप्पांनी जाळीखाली वाढवली आणि सुगीला ओंजळभर पांढरी तूर घरात आल्यासारखी भांडारात आली.

त्या दुपारी मी जेवून परतले, तेव्हा ते टेबलाशी बसले होते. डाव्या तळहातावर ती जुनी, रिकामी पिशवी. उजव्या हातात नव्या पिशवीची दोरी. ते एक वेढा घेत, जुन्या गाठीकडे पाहत, मान हलवून वेढा सोडत, पुन्हा घेत. गाठी उकलून उकलून त्यांनी गावोगावचे हात ओळखले होते. ही एकच गाठ त्यांनी कधी उकलली नव्हती.

"मी बांधू का, अप्पा?" मी विचारले.

त्यांनी मान वर केली नाही.

"दम धरा बाई," ते म्हणाले, "जमायलंय."