हमीदभाईंचा होल्ड

आमच्या शेजारचे हमीदभाई मिस्त्री कोणतंही यंत्र सरळ सुरू करत नाहीत. लांब वायरचं बटण हातात घेऊन ते आधी दहा पावलं मागे येतात, आजूबाजूच्यांनाही मागे लोटतात आणि मग उलटे आकडे मोजतात. दहा, नऊ, आठ... तीनवर आले की हात वर! "होल्ड!" मग यंत्राजवळ जाऊन स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक यंत्राला, दुसरं आपल्या कानाला लावायचं, डोळे मिटून ऐकायचं आणि पुन्हा दहापासून सुरुवात.

आमचा मिक्सर त्यांच्याकडे अकरा दिवस होता. बाराव्या दिवशी त्यांनी तो अंगणात स्टुलावर ठेवला, माझ्या बायकोला फाटकापाशी उभं केलं, मोजायला लागले आणि तीनवर थांबले.

"भाभी, आज नाही होत. हवा साजरी नाही."

हवा चांगली असण्या-नसण्याचा आणि मिक्सरचा संबंध काय, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. घरी पाट्यावरच्या चटणीबरोबर मी बोलणीही खात होतो, त्यामुळे माझा संयम संपला होता. हमीदभाई शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, तहसीलीत नोकरी करता अन् तुम्हालेच थांबाची सवय नाही?" मी पाटा धुवायला घरात गेलो.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते रुबीनामुळे. रुबीना ही त्यांची एकुलती एक मुलगी. शिकून इंजिनिअर झाली आणि हैदराबादला रॉकेट बनवणाऱ्या एका खाजगी कंपनीत लागली. कंपनीला पहिलंच मोठं काम मिळालं होतं, सरकारचा एक उपग्रह वर सोडायचं. तो वरून शेतातली उभी पिकं पाहणार होता. हमीदभाईंनी ही बातमी अख्ख्या दिग्रसात पोचवली. "आपला कापूस वरून दिसन आता!" चहावाल्याने तिथल्या तिथे विचारलं, "अन् भाव दिसन का चाचा?" त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, त्यामुळे हसलं कोणीच नाही.

रॉकेट काही उडेना. दर वेळी तिकडून एकच शब्द येई, 'होल्ड', म्हणजे थांबा. पहिल्यांदा वादळ आडवं आलं. दुसऱ्यांदा कुठलासा भाग बदलावा लागला. तिसऱ्यांदा रॉकेट तयार, पण उपग्रहच तयार नाही. चौथ्यांदा दोन्ही तयार, तर दिल्लीतल्या एका सहीचा पत्ता नाही. गाव हसायला लागलं. "चाचा, तुमच्या पोरीचं रॉकेट म्हंजे आमची एस्टी हो," असं लोक तोंडावर म्हणत.

हमीदभाईंना मात्र यात काहीच नवल वाटत नव्हतं. तीस वर्षांपासून ते इथल्या एका जिनिंगमध्ये मिस्त्री होते. सरकार कापूस विकत घेतं, पण त्याची सरकी काढून गाठी बांधायचं काम खाजगी जिनिंगकडे असतं. म्हणजे मशीन तयार, माणसं तयार, आणि कापसाची प्रत ठरवणारा सरकारी ग्रेडर रजेवर. ग्रेडर आला तर कापसात ओलावा. ओलावा गेला तर गोदामात जागा नाही. "मशीन खाजगी अन् माल सरकारी," ते म्हणत, "ह्याइच्या लग्नाचा मुहूर्त टळतेच, भाऊसाहेब. त्यात पोरीचा काय दोष?"

त्या वर्षी तर सरकारी खरेदी सुरूच झाली नव्हती. व्यापाऱ्याच्या भावाला शेतकरी माल देईनात आणि जिनिंग दिवाळीपासून बंद. पण खरेदी कधीही सुरू होईल आणि त्या दिवशी मिस्त्री हजर नसला तर शेठ दुसरा पाहील, या धाकाने हमीदभाईंनी गाव सोडलं नव्हतं. रोज सकाळी जाऊन बंद मशीनला तेल देत आणि परत येत. घरी तरी कोण होतं? त्यांच्या बायकोला, जुबेदाभाभींना, जाऊन सहा वर्षं झाली होती.

रुबीना दीड वर्षात आली नव्हती. "रॉकेट उडलं की दुसऱ्या दिवशी येतो, अब्बा," असा तिचा वायदा होता. त्यामुळे उड्डाणाची तारीख आली की हमीदभाईंच्या पायाला भिंगरी लागे. गादी उन्हात टाक, तिच्या खोलीचा पंखा उतरवून पूस, विनाकारण स्टँडवर जाऊन हैदराबादच्या वाटेवरची पुसदची बस पाहून ये. तारीख पुढे गेली की गादी पुन्हा गुंडाळून ठेवत. चार वेळा ती गादी बाहेर आली आणि आत गेली. मी हे सगळं पाहत होतो आणि खरं सांगायचं तर मलाही हसू येत होतं. आता त्याची लाज वाटते.

उड्डाणाची पाचवी तारीख आली तेव्हा आमच्या ओसरीवर पंधरा-वीस माणसं जमली. मी टीव्ही बाहेर काढला होता. हमीदभाई काही केल्या बसेनात. टीव्हीपासून फाटकापर्यंत, फाटकापासून टीव्हीपर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. हातात स्क्रू-ड्रायव्हर. तेवढ्यात शेठचा निरोप घेऊन जिनिंगचा चौकीदार आला, "मिस्त्री, सरकारी खरेदीचा आदेश निघाला. सोमवारी सकाळी जिन चालू करा लागते." हमीदभाईंनी मान हलवली. त्यांचं लक्ष पडद्यावरच होतं.

चार मिनिटं उरली आणि आकडे थांबले.

पहिल्यांदा कोणाला कळलं नाही. मग निवेदिका म्हणाली, उड्डाण थांबवण्यात आलं आहे. ओसरीवर एकच हशा पिकला. "चाचा, होल्ड!" कोणीतरी त्यांचीच नक्कल केली. पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं.

थोड्या वेळाने हमीदभाईंचा फोन वाजला. तो मोठ्या आवाजावर लावलेला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. रुबीना रडत होती.

"अब्बा, मीच थांबवलं. एक वॉल्व्ह गरम होऊन राह्यला होता. साहेब म्हणे, चालते इतकं. दिल्लीचे लोक बसले होते समोर. मी नाही म्हणलं. आता सारे माह्यावर चिडले... अन् पुढची तारीख दोन महिन्यांनी. ईदलेबी नाही जमत येणं."

हमीदभाईंच्या येरझाऱ्या थांबल्या.

"गरम लागलं न तुले?"

"हो."

"मंग झालं. गरम लागलं तं थांबवाच लागते. लहानपणी डबा घेऊन जिनिंगमध्ये येत होती न तू? काय शिकवलं होतं मी?"

"शेठ कितीबी बोंबलला तरी..."

"तरी बेअरिंगले हात लावल्याशिवाय बटण दाबाचं नाही. साजरं केलं बेटा. अन् माही फिकर करू नोको. मले कुठी टाइम हाय? जिनिंग जोरात चालू हाय."

तीन महिने बंद असलेल्या जिनिंगचं नाव घेऊन हा माणूस किती सहज खोटं बोलला! फोन ठेवून ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आजवर मी तीनवर थांबत होतो न भाऊसाहेब, तं लोक मले हासत. म्हणलं हासू द्या. बुढ्याले हासले तं तेवढंच पोरीले कमी हासतीन." मिक्सरवरून किती बोललो होतो मी!

रविवारी सकाळी ते पिशवी आणि डबा घेऊन स्टँडवर दिसले.

"नांदेडवरून जातो हैदराबादले. पोरगी एकटी रडून राह्यली."

"अहो, पण उद्या जिन सुरू व्हायचंय! शेठ दुसरा मिस्त्री लावेल."

"लावन तं लावन."

बस आली. ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून इंजिनच्या झाकणाला लावला आणि ऐकू लागले. मग खिडकीशी येऊन मोजायला सुरुवात केली. दहा, नऊ, आठ... तीनवर मी सवयीने हात वर करून म्हणालो, "होल्ड?"

"दोन, एक," हमीदभाई म्हणाले. "चाल रे बाप्पा, दाब घंटी!"

कंडक्टरने घंटी दिली. बस हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"भाऊसाहेब, शेठले एवढं सांगजा. म्हणा, हवा साजरी नाही!"